तिसरं मुसळ

आंटी, तुझ्याशी बोलायला मला इतकी वर्षं कधी कागद लागला नाही. फोडणी टाकताना, वॉर्डात राउंड घेताना, कधी रिक्षा सिग्नलला थांबली की मी मनातल्या मनात तुला काहीबाही सांगून टाकते आणि पुढच्या कामाला लागते. आज मात्र बसून लिहावंसं वाटलं. माझ्या लेकीची बारावी झाली आणि सुट्टीत ती मुलुंडच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. आम्ही पाठवलं नाही. मैत्रिणीबरोबर स्वतःच जाऊन विचारून आली, आणि पक्कं झाल्यावर आम्हाला सांगितलं. काल संध्याकाळी घरी आली ती चपला न काढताच दारात बसली. पाय सुजले होते. गरम पाण्याच्या टबात पाय सोडून ती मला म्हणाली, "मम्मी, तू माझ्याएवढी असताना कधी अशी दिवसभर उभी राहिली होतीस का?" मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली, आणि सांगण्याच्या नादात भात करपवला. आज माझी सुट्टी आहे, ती कामावर गेली आहे, घर रिकामं आहे. काल जे सांगितलं त्यात बरंच राहून गेलं असं सकाळपासून वाटतंय.

मी तुला 'तू' म्हणते याचं तिला नवल वाटलं. तू सगळ्या गावठाणाची आंटी होतीस. पहिल्या दिवशी मी तुला 'तुम्ही' म्हणाले, तर तू मागे वळून दाराकडे पाहिलंस आणि विचारलंस, आणखी कोण आलंय? आमच्या घरात मोठ्या माणसाला 'तू' म्हटलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. पण तुझ्या अंगणात लहान-मोठे सगळेच तुला 'तू' म्हणायचे आणि तरी तुझ्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. दोन-तीन दिवसांत माझीही जीभ वळली. घरी जाताना मात्र वाटेतच तुला मनातल्या मनात 'तुम्ही' करून घ्यावं लागायचं, आईसमोर चूक होऊ नये म्हणून.

त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा संपली होती आणि निकालापर्यंत करायला काही नव्हतं. बाबा मरोळच्या एका कंपनीचा टेम्पो चालवायचे आणि दर उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तुझी मिरचीची पोती बाजारातून आणून द्यायचे. त्यांनीच तुझ्याकडे विषय काढला, की पोरगी घरात बसून बसून आईशी भांडते. तू म्हणालीस, पाठव, माझ्याकडे तिला भांडायला वेळ मिळणार नाही. आईला त्यांनी सांगितलं ते एवढंच, की सावलीत बसून मिरच्या निवडायच्या आहेत. ते खोटं नव्हतं. सुरुवातीला तरी नव्हतं.

गावठाणातल्या त्या गल्लीत वळलं की आधी नाकाला कळायचं. मग अंगण दिसायचं. दगडी क्रूस सोडला तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे लाल मिरच्या पसरलेल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर, गच्चीवर, एका जुन्या खाटेवरसुद्धा. मी आत आले आणि शिंकायला लागले ती थांबेचना. खांबाला टेकून माझ्याच वयाचा एक मुलगा उभा होता, तोंडाला रुमाल बांधून. तो तुझा नातू. आई-बाप आखातात नोकरीला, आणि सुट्टीत त्याला आजीकडे पाठवलेलं, दिवसभर टीव्हीपुढे पडून राहतो म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा रुमाल पुढे केला. "दोन दिवसांनी नाक मरतं," तो म्हणाला. तो एवढंच बोलला, पण मला फार धीर आला.

आम्हा दोघांना तू देठं काढायला बसवलंस. मी त्याच्यापेक्षा भराभर काढत होते आणि ते मला माहीत होतं. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी मी, मला शर्यत लावल्याशिवाय काही करताच यायचं नाही. दुपारपर्यंत माझ्यापुढे डोंगर झाला आणि त्याच्यापुढे टेकडी. तू आलीस, माझ्या ढिगातून सूपभर मिरच्या घेतल्यास आणि काही न बोलता जमिनीवर पालथ्या केल्यास. बोटाने एकेक बाजूला करत गेलीस. अर्धी देठं मिरचीलाच होती, काही मिरच्या तर आतून काळ्या पडलेल्या. मला वाटलं, आता ओरडशील. तू आवाजही चढवला नाहीस. "घाई कुणी सांगितली होती?" तू विचारलंस. "मला दाखवायला करतेस की मसाल्यासाठी?" तू सूप माझ्या हातात दिलंस आणि पुन्हा पहिल्यापासून निवड म्हणालीस. नातू हसला असता तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते. तो हसला नाही. आपलं आसन त्याने माझ्याजवळ सरकवलं आणि माझ्या ढिगातल्या मिरच्या निवडायला घेतल्या.

लेकीला काल मी बॉटल मसाला म्हणजे काय तेही सांगितलं. तुमच्या गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांचा मसाला, वर्षाचा एकदाच उन्हाळ्यात करायचा, उजेड लागू नये म्हणून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. तिला बाटल्यांचीच गंमत वाटली. पण तू तो कसा करायचीस, ते मला नीट सांगता आलं नाही. प्रत्येक घराचं सामान वेगळं यायचं आणि तू ते वेगळंच ठेवायचीस. गहू, चणे, तीळ, खसखस, धणे, मिरी, जे काही असेल ते एकेक करून भाजायचीस, कधी एकत्र नाही. चुलीजवळ बसलेली असताना तुला कुणी हाक मारलेली चालायची नाही. मग जेवणाची वेळ झाली की सगळं झाकून ठेवायचं, आणि जो कुणी त्या दिवशी कामाला असेल त्याने अंगणात एका रांगेत बसायचं, तूही त्याच रांगेत. जेवण झालं की झोपायचं. मी पहिल्या दिवशी वाचत बसले तर तू पुस्तक काढून घेतलंस. थकल्या हाताने भाजलं की मसाला करपतो, म्हणालीस. कामात विश्रांतीही काम म्हणून मोजणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढेही फार पाहिली नाहीत.

कुटायला यायच्या त्या तीन बायका. आरेतल्या पाड्यावरून सकाळी चालत यायच्या, एकमेकींच्या नात्यातल्या, आणि एकाच उखळाभोवती उभ्या राहायच्या. तीन मुसळं एकामागून एक खाली यायची. एक खाली, एक वर, एक मधे. उखळाचं तोंड परातीएवढं, त्यात तीन लाकडं, आणि तरी एकमेकांना कधी लागायची नाहीत. मी निवडता निवडता बघत बसायचे. त्यांच्यात सगळ्यात मोठी होती ती फार कमी बोलायची. दुसरी तिची जाऊ. तिसरी सगळ्यात तरुण, तीच गाणं म्हणायची आणि तीच आम्हा पोरांना चिडवायची. दर उन्हाळ्यात हे त्रिकूट तुझ्याकडून सुरुवात करून गावठाणातली सगळी घरं घ्यायचं. पाऊस लागायच्या आत जेवढी घरं होतील तेवढी. वर्षातलं रोख पैशाचं काम त्यांचं ते एवढंच.

मे महिना अर्धा झाला असेल. एक दिवस तरुण बाई आली नाही. मोठीने सांगितलं, तिच्या पोराला कावीळ झाली आहे, महापालिकेच्या हॉस्पिटलात ठेवलंय, ती त्याच्या उशाशी आहे. पोरगा पहिलीत. कधी सोडतील काही सांगत नाहीत. मग ती म्हणाली, माझी बहीण मोकळी आहे, उद्यापासून तिला आणते. त्यात वाकडं काहीच नव्हतं. काम अडलं होतं, माणूस हजर होतं. तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस. तू विचारलंस, बहीण आली तर पुढची घरंही तीच करणार ना? मोठी म्हणाली, हो, मग मधेच तिला घरी कसं पाठवणार. आणि पुढच्या वर्षी? मोठी उखळाची कड पुसत राहिली.

"मग नको," तू म्हणालीस. "तिची जागा रिकामी नाही. ती हॉस्पिटलात आहे."

मोठी म्हणाली, आंटी, दोन मुसळांनी होत नाही. तू भिंतीला टेकवलेलं तिसरं मुसळ उचललंस, गाउन कमरेला खोचलास आणि उखळाशी जाऊन उभी राहिलीस. तुझे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत होतं, चर्चच्या पायऱ्यासुद्धा तू एकेक करून चढायचीस. मला तुझी ती पाठ आजही दिसते. गाउनवर घामाचा डाग पसरत चाललाय, खांद्यावरचा टॉवेल दर ठोक्याला घसरतोय, आणि तू त्याला हात लावत नाहीस. एक घाणा झाला. दुसऱ्याच्या मधे तू थांबलीस आणि मुसळाला धरून उभी राहिलीस, पडू नये म्हणून. नातू धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. तू बसेनास. तेव्हा मी उठले आणि म्हणाले, मी राहते उभी.

मला आवडतं म्हणायला, की मला त्या बाईची दया आली. दया आलीच होती. पण त्याहून जास्त मला तुझं ते उभं राहणं बघवत नव्हतं. "राहायचं असेल तर ती परत येईपर्यंत," तू म्हणालीस. "मधे बसायचं नाही. मधे बसणार असशील तर आत्ताच सांग, मला राग येणार नाही." मी हो म्हणाले. हो म्हणताना ते मुसळ किती जड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

पहिला दिवस मी कसा काढला ते सांगत नाही. मुसळ उचललं की खांद्यातून काहीतरी उपटल्यासारखं व्हायचं, आणि आपटलं की दात वाजायचे. दोन बायका माझ्या दोन बाजूंना, त्यांची मुसळं सपासप येतायत, आणि मधे माझं. मी डोळे मिटून आकडे मोजायचे. आश्चर्य असं की कुणाचं लाकूड कुणाला लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तर मला वाटायला लागलं की आपल्याला ताल सापडला. मी मोजणं सोडलं आणि नुसती कुटायला लागले. घाणा संपल्यावर मोठीने उखळातला मसाला चिमटीत धरून पाहिला आणि मान हलवली. दहावीत मला जे मार्क मिळाले त्यांचाही मला त्या मान हलवण्याएवढा आनंद झाला नाही. नातू चाळायला बसायचा. त्याचे केस, पापण्या, कान सगळं लालभडक झालेलं असायचं. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, मला वाटलं होतं ग्रॅनी आम्हाला शिक्षा म्हणून हे करायला लावते. मी विचारलं, आणि आता? तो म्हणाला, आता काही वाटत नाही, आता फक्त भूक लागते.

तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. तू रोज संध्याकाळी खोबरेल तेल लावून कापडाच्या पट्ट्या बांधायचीस, आणि घराच्या गल्लीपाशी पोचले की मी त्या सोडून खिशात घालायचे. जेवताना आईने ते पाहिलंच. मी चपातीचा तुकडा मोडायला गेले आणि माझा चेहरा वाकडा झाला. तिने माझा हात उलटा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तुझ्या अंगणात उभी होती.

आंटी, तो दिवस तुला आठवत असेल तर तो तुझ्या बाजूने कसा दिसला ते ऐकायला मला फार आवडलं असतं. मी उखळाशी, हातात मुसळ, अंगभर लाल. आई पायताणांसकट मिरच्यांच्या कडेला थांबलेली, पदर नाकाला लावून. रागावली की ती गावच्या बोलीत जायची. "मी माझ्या चेडवाक हय मुसळ धरूक नाय धाडलंय," ती तुला म्हणाली. मग जरा सावरून, तुला कळावं म्हणून, तेच पुन्हा आमच्या शहरी मराठीत, की माझ्या पोरीला इथे मुसळ धरायला नाही पाठवलं. की लहानपणी तिने स्वतः लोकांच्या घरी भात कांडलं आहे, हाताचे घट्टे लग्नानंतरही गेले नव्हते, आणि मुंबईला आली ती हे सगळं मागे टाकून. पोरीला शिकवतेय ती यासाठी नाही.

तू तिला उलट एक शब्द बोलली नाहीस. काम किती मोलाचं असतं वगैरे काहीही नाही. तू तिला खुर्ची दिलीस, सरबत दिलंस, आणि ही इथे का उभी आहे ते सांगितलंस. कुणाची जागा आहे, ती कुठे गेली आहे. आईने ग्लास हातात धरून ठेवला होता, प्यायली नव्हती. तिने विचारलं, "पोर केवढं?" तू म्हणालीस, पहिलीतलं आहे. आई माझ्याकडे बघायला लागली. मग तुझ्याकडे न बघता, उखळाकडे बघत ती जे बोलली ते मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं.

"हिला टायफॉइड झाला होता," आई म्हणाली. "तेव्हा मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. ही बरी झाली आणि मी परत गेले, तर माझ्या स्टुलावर दुसरी बसलेली. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, तशीच घरी आले."

मला एवढंच माहीत होतं की आई पूर्वी कुठेतरी नोकरीला होती आणि मग तिने सोडली. मला नेहमी वाटायचं की तिला घरी राहायला आवडतं. चुलीवर काहीतरी तडतडत होतं आणि तू आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच तडतडू दिलंस. मग आईने सरबत एका घोटात संपवलं, ग्लास खाली ठेवला, आणि माझ्याजवळ येऊन माझी बोटं मुसळावरून सोडवली. म्हणाली, तू ह्याला गळा दाबल्यासारखं धरतेस, म्हणून फोड येतात. वर नेताना घट्ट, सोडताना सैल. खाली तुला ढकलायचं नाही, ते त्याच्या वजनाने जातं. तिने साडी खोचली आणि दाखवायला म्हणून मुसळ उचललं. दाखवायला म्हणून उचललेलं ते मुसळ तिने अख्खा घाणा संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. आरेतल्या दोघी तिच्याकडे बघत होत्या, हात न थांबवता. मोठीने हळूच गाणं सुरू केलं, जे तरुण बाई गेल्यापासून बंद होतं. आईला ते येत नव्हतं. तरी ती हसत होती. आईला मी तशी कधी पाहिली नव्हती, गालावर मसाला, कपाळावर घाम, आणि स्वतःच्याच हातांचं कौतुक वाटत असल्यासारखी.

जाताना ती तुला म्हणाली, ती बाई येईपर्यंतच हं, एक दिवस जास्त नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून घरची कामं आटपून दुपारची स्वतःच यायला लागली, मला अर्धा वेळ बसवायला.

तरुण बाई आली ती सकाळीच, बाकीच्या दोघींबरोबर, नेहमीसारखी चालत. अर्धी झाली होती. पोराला सोडलं होतं, घरी आजीजवळ ठेवून आली होती. तिने अंगणात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा उखळाकडे पाहिलं, तिथे कोण उभं आहे ते बघायला. तिथे मी होते. मला तिच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती दिसली, आणि मग ओळखून ती गोंधळली. तू तिला पोराची तब्येत विचारलीस, काय खायला द्यायचं नाही ते सांगितलंस, आणि माझ्याकडे बोट करून म्हणालीस, हिच्याकडून तुझं मुसळ घे, पोरीचे हात दुखतात. मी ते तिच्या हातात दिलं. तिने माझे तळवे पाहिले, मग ते आपल्या गालाला लावले, आणि कामाला लागली. दुपारपर्यंत ती मला चिडवतही होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण देठं काढायला पुन्हा खाली बसले तेव्हा हात इतके हलके वाटले की मला रडू आलं. तू ते पाहिलंस आणि मला मिरी भाजायला चुलीजवळ बोलावलंस, जिथे तू कुणालाही बसू द्यायची नाहीस.

निकाल लागला, कॉलेज सुरू व्हायचं होतं, तेव्हा तू मला अंधेरी स्टेशनजवळच्या बाजारात घेऊन गेलीस आणि चामड्याच्या सँडल घेऊन दिल्यास. मी म्हणाले, आंटी, एवढ्या चांगल्या कशाला. तू म्हणालीस, ज्याला उभं राहून काम करायचंय त्याने पायात कंजूषी करायची नाही. मी उभं राहून काम करणार हे तुला कसं कळलं कुणास ठाऊक, मला तर तेव्हा बँकेत जायचं होतं. नर्सिंगला मी नंतर गेले. आता माझ्या हाताखाली वॉर्ड आहे, मुली आहेत, त्यांची लग्नं, बाळंतपणं, आजारी सासवा आहेत. कुणी रजेवर गेली की वरून विचारतात, दुसरी देऊ का? मी म्हणते, जागा रिकामी नाही, आम्ही भागवतो. मग आम्ही ओढाताण करून भागवतो आणि सगळ्या माझ्यावर चिडतात. त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलेलं नाही. सांगून समजावायची गोष्ट असती तर तू तेव्हा आईला समजावलंच असतंस.

तू गेलीस तेव्हा मी चर्चमध्ये मागच्या बाकावर होते. कधी उठायचं, कधी बसायचं, काही कळत नव्हतं, म्हणून पुढे बसलेल्या बाईकडे बघून मी तसं करत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं, की तीही तिच्या पुढच्याकडे बघून करतेय. ती आरेतली मोठी होती, पार वाकलेली. तिच्या शेजारी आमची तरुण बाई, आता तरुण नसलेली, आणि तिचा उंच झालेला मुलगा. तुला उचलणाऱ्यांत नातू पुढे होता, त्यासाठी विमानाने आलेला. बाहेर आल्यावर मी मोठीला जाऊन भेटले आणि मसाल्याच्या दिवसांचा विषय काढला. म्हणाले, तीन दिवसांत मला ताल जमला होता, आठवतं? ती बोळक्या तोंडाने हसली. म्हणाली, तुला कुठला ताल, पोरी. तू कधीच तालात नव्हतीस. तू टाकशील तिथे टाकायचीस, आणि आम्ही दोघी तुझ्यामागे आमचं लावून घ्यायचो. आंटीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पोरीला थांबवू नका, तिला कळू देऊ नका.

तिची स्वतःची बहीण घरी बसलेली, आणि ती माझ्या आडव्यातिडव्या मुसळाखालून आपलं मुसळ वाचवत होती. आणि तू चुलीजवळ पाठमोरी. घरी येऊन मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, मला तर आल्या आल्या दिसलं होतं. म्हणजे ते न दिसलेली अंगणात मी एकटीच होते.

काल लेक पाय पुसता पुसता दुकानातल्या एका जुन्या सेल्सवालीबद्दल कुरकुर करत होती. म्हणे, ती मला कस्टमर देतच नाही. सारखी मागच्या स्टॉकरूममध्ये पाठवते, खोके बघून ये म्हणते. तिथे काही काम नसतं, मी आपली स्टुलावर बसून परत येते. तिला वाटतं, ती बाई आपल्यावर जळते. मी भाताकडे बघत होते. मला कळलं ते, आंटी, लगेच कळलं. पण मी काही बोलले नाही. उलट तिने विचारलं, तुला तो ताल जमायला किती दिवस लागले, तर मी सांगितलं, तीन.